घड्याळजींच्या मुलखात सहा दिवस

सांगलीत गणपती पेठेजवळच्या एका बोळाच्या तोंडाशी बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. काचेचं छोटं कपाट, त्यामागे स्टूल, डोक्यावर साठचा बल्ब. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. बाबा उजव्या डोळ्यात भिंग अडकवून एखादं एचएमटी जनता उघडायचे, सुटे भाग पेट्रोलच्या वाटीत टाकायचे आणि मग काडेपेटीतली एक काडी घेऊन तिचं गुल मोडून टाकायचे. ब्लेडनं तिला सुईसारखं टोक काढायचं आणि ते टोक घड्याळातल्या माणकाच्या, म्हणजे चाकाचा आस ज्यात फिरतो त्या खड्याच्या, भोकात घालून फिरवायचं. काडी काळी बाहेर आली की पुन्हा तासायची, पुन्हा फिरवायची. सात वेळा, आठ वेळा. "काडी पांढरी आली पाहिजे," एवढंच ते सांगायचे. त्याचे वेगळे पैसे मिळत नसत. सर्व्हिसिंगचा दर ठरलेला होता.

जगात अशीही घड्याळं आहेत, की एकेकाच्या किमतीत सांगलीत बंगला येईल, हे पुढे कळलं. तेव्हापासून मनात होतं, की तिथली माणसं हातानं नेमकं काय करतात ते एकदा डोळ्यांनी बघून यायचं. भाची स्वित्झर्लंडमध्ये लोझानला शिकायला गेली, तिला फ्रेंच येऊ लागलं, आणि यंदा योग आला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा ठरवला. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, हात कापतो, एवढा प्रवास झेपणार नव्हता. निघताना पाया पडले तेव्हा म्हणाले, "तिथं काडी कशाची वापरतात ते बघून ये."

पहिला दिवस, शनिवार : जिनिव्हा

भाची स्टेशनवर घ्यायला आली होती. सामान टाकून थेट प्लँपाले भागातल्या, पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीच्या संग्रहालयात गेलो. इथे फोटो काढू देत नाहीत आणि त्याचा फायदाच झाला. तीन तास नुसतं बघत राहिले.

जिनिव्हात घड्याळं का रुजली याची कथा मोठी नामी आहे. सोळाव्या शतकात कॅल्विनच्या धर्मसुधारकांनी दागदागिने मिरवण्यावर बंधनं आणली. सोनारांच्या हातचं काम गेलं. त्यांनी तोच हात घड्याळाकडे वळवला, कारण घड्याळ ही कामाची वस्तू होती, तिला बंदी नव्हती. १६०१ मध्ये इथे घड्याळजींचा संघही उभा राहिला. पुढे सां-जेर्व्हे वस्तीत घरांच्या वरच्या मजल्यांवर, जिथे उजेड भरपूर, तिथे हे कारागीर बसत. त्या खोल्यांना काबिने म्हणत, म्हणून कारागीर काबिनोतिये.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते मिन्याच्या कामानं. खिशातल्या घड्याळाच्या झाकणावर, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेत, अख्खा देखावा : नदी, नाव, नावेतल्या बाईच्या झग्याची चुणी. काचेची रंगीत पूड खलून ती मोजक्या केसांच्या कुंचल्यानं लावायची आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजायची. मग पुढचा रंग, पुन्हा भट्टी. शेवटच्या भाजणीत तडा गेला तर आधीचं सगळं काम वाया. तुर्कस्तान आणि चीनच्या दरबारांसाठी केलेले नमुने एका ओळीत मांडलेले आहेत. गिऱ्हाईक कुठलं, त्यावर फुलं बदलतात, रंग बदलतात; हात तोच.

संध्याकाळी तळ्याकाठी गेलो. तो प्रसिद्ध १४० मीटर उंच कारंजा सगळेच बघतात. तो मुळात कारागिरांमुळे जन्मला हे भाचीनं सांगितलं तेव्हा मी थबकलेच. १८८६ च्या सुमारास ऱ्होन नदीवरच्या पाणीघरातून कारागिरांच्या यंत्रांना दाबाचं पाणी पुरवलं जाई. संध्याकाळी कारखाने बंद झाले, की नळांतला दाब वाढायचा, तो सोडून द्यायला झडप उघडायची आणि पाणी उंच उडायचं. लोकांना ते आवडलं, म्हणून १८९१ मध्ये कारंजा तळ्यात हलवला. म्हणजे पूर्वी पाणी उडालं की शहराला कळायचं, कारागीर घरी निघाले.

*जिनिव्हात हॉटेलात राहिलात तर मुक्कामापुरता बस-ट्रामचा मोफत पास मिळतो, तो मागून घ्या. पाटेक फिलिप संग्रहालय रविवारी आणि सोमवारी बंद असतं, त्यामुळे शनिवार साधलात तर उत्तम.*

दुसरा दिवस, रविवार : नशातेल

ही सगळी सहल मी या एका दुपारीभोवती बेतली होती. नशातेलच्या कला आणि इतिहास संग्रहालयात झाके-द्रो या घड्याळजी पितापुत्रांनी केलेल्या तीन यांत्रिक बाहुल्या आहेत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या चालवून दाखवतात. १७६८ ते १७७४ या काळात, म्हणजे आपल्याकडे थोरल्या माधवरावांची कारकीर्द सरत आली त्या सुमारास, त्या बनल्या.

खोली भरलेली होती. पुढे लहान मुलं जमिनीवर बसली होती. चित्रकार बाहुला पेन्सिलीनं कुत्रा काढतो, मध्येच थांबून कागदावर फुंकर मारतो आणि पेन्सिलीची पूड उडवतो. वादक बाई खरोखर बोटांनी पट्ट्या दाबून ऑर्गन वाजवते, आणि वाजवताना तिची छाती श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. सगळ्यांत शेवटी लेखक. अनवाणी पायांचा, तीनेक वर्षांचा वाटावा असा मुलगा. पीस दौतीत बुडवतो, जास्तीची शाई झटकतो, आणि लिहू लागतो. अक्षरागणिक त्याची नजर पिसाच्या टोकामागून फिरते. पोटात सुमारे ६००० भाग आहेत. मागचं एक चाक जुळवून चाळीस अक्षरांपर्यंत कुठलाही मजकूर त्याच्याकडून लिहवून घेता येतो.

दाखवणाऱ्या गृहस्थांनी त्याची पाठ उघडून आमच्याकडे फिरवली. पितळी चकत्यांची उतरंड एकेक पायरी वर सरकत होती आणि प्रत्येक चकतीच्या कडेवरून एक बोटभर दांडी चढत-उतरत होती. त्या कडेचा प्रत्येक चढउतार कुणीतरी कानशीनं घासून काढलेला. कमी घासला तर अक्षर बुटकं, जास्त घासला तर कायमचं बिघडलेलं. माझ्या शेजारच्या बाईंचे डोळे पाणावले होते. माझेही.

या बाहुल्या झाके-द्रोंनी राजदरबारांत फिरवल्या त्या आपली घड्याळं खपावीत म्हणून. जाहिरातच ती. पण जाहिरातीसाठीही इतकं खरं काम करावं लागे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आता चकचकीत मासिकांत भिंग लावलेल्या म्हाताऱ्याचा एक फोटो छापला की भागतं.

*रविवारी किराण्याची दुकानं जवळजवळ सगळीकडे बंद असतात, शनिवारीच ब्रेड, दही, फळं घेऊन ठेवा. आणि नशातेल परगण्यात एक रात्र जरी राहिलात तरी मोफत कार्ड मिळतं. त्यात गाड्या, बस आणि बरीच संग्रहालयं येतात. आमचे पुढचे दोन दिवस त्यावरच झाले.*

तिसरा दिवस, सोमवार : ला शो-द-फॉं

सकाळी नशातेल धुक्यात बुडालं होतं. तळं दिसेना, समोरचं घर दिसेना. गाडी डोंगर चढू लागली, शांब्रेलियँ नावाच्या स्टेशनात थांबली आणि उलट्या दिशेनं निघाली. चढण इतकी, की रूळ तिथे वळसा घेण्याऐवजी दिशा बदलून वर जातात. दहा मिनिटांत बोगदा आला, आणि बोगद्यापलीकडे लख्ख ऊन. खाली ढगांची चादर, वर निळं आकाश. तळ्याकाठचे लोक शरदात ऊन खायला डोंगरावर का येतात ते कळलं.

ला शो-द-फॉं समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर. युरोपातली गावं म्हटली की वाकड्यातिकड्या गल्ल्या डोळ्यांपुढे येतात, इथे सगळे रस्ते आखीव आणि समांतर. १७९४ च्या आगीत गाव जळालं, आणि पुन्हा बांधताना, विशेषतः १८३५ च्या आराखड्यानंतर, हिशोब ठेवला तो उजेडाचा. घरांची एक ओळ, पुढे बागेची पट्टी, मग रस्ता, मग पुढची ओळ. एका घराची सावली दुसऱ्याच्या खिडकीवर पडू नये, कारण खिडकीशी कुणीतरी भिंग लावून बसलेलं असणार. शेजारचं ल लोक्ल आणि हे गाव मिळून २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. एस्पासिते नावाच्या मनोऱ्याच्या चौदाव्या मजल्यावर फुकट जाता येतं. वरून पाहिलं तर गाव म्हणजे ओळीत लावलेली टेबलं.

मार्क्सनं 'भांडवल'मध्ये या गावाला एक अवाढव्य घड्याळ कारखानाच म्हटलं होतं. कारखान्याची एक भिंत नव्हती. एका घरात फक्त काटे, दुसऱ्यात तबकडी, तिसऱ्यात पेच, आणि पोरं टोपल्यांतून भाग या घरातून त्या घरात पोचवत. आपल्याकडे हुपरीत घरोघर चांदीचं काम वाटलेलं असतं, तसंच. कुणी तार ओढतं, कुणी घुंगरू जोडतं, कुणी उजाळा देतं. हे चित्र ओळखीचं निघालं म्हणून मला त्या अनोळखी गावात घरच्यासारखं वाटलं.

सोमवार असल्यामुळे संग्रहालय बंद, ते आधीच ठाऊक होतं. दिवसभर नुसतं चाललो. वरच्या मजल्यांवरच्या, एकाला एक लागून असलेल्या खिडक्या मोजत होतो. एका बेकरीत तायोल नावाचा गोडसर, वर कात्रीनं कापे दिलेला पाव मिळाला. गरम होता, आत मनुका. बेकरीवाल्या बाईंनी माझ्या मनगटावरचं एचएमटी पाहिलं आणि भाचीला विचारलं, हे कुठलं? भारतातलं म्हटल्यावर त्यांनी काऊंटरवरून वाकून, पीठ लागलेला हात पुसून, ते कानाशी नेलं. "छान चालतंय," म्हणाल्या. त्यांचे वडील घड्याळाचे काटे बनवायचे. आयुष्यभर, फक्त काटे.

चौथा दिवस, मंगळवार : संग्रहालय आणि ल लोक्ल

आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालय जमिनीखाली आहे. दहाला उघडल्या उघडल्या आत गेलो आणि अडीचला बाहेर आलो, तरी पुरं झालं नाही. काचेआड दुरुस्तीची कार्यशाळा आहे, काम चालू असताना बघता येते. एक मुलगी अठराव्या शतकातल्या घड्याळाचं चाक चिमट्यात धरून नुसती त्याच्याकडे बघत होती. पाच मिनिटं तिनं काहीच केलं नाही, फक्त बघितलं. बाबाही असेच बघत बसायचे, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं काम थांबलंय.

जुन्या फोटोंत खिडकीशी ओळीनं बसलेल्या बायका दिसतात. त्या रेग्लझ. केसाहून बारीक कमान चाकाला जोडणं, तिचं शेवटचं वळण चिमट्यानं द्यायचं, घड्याळ पुढे-मागे जाणार नाही असं लावायचं, हे काम बहुतेक बायकांच्या हातात होतं. घड्याळाची खरी अचूकता त्या कमानीत असते. तबकडीवर नाव मात्र मालकाचं.

पुढच्या दालनात १९६९ चं साल येतं. त्या वर्षी नाताळच्या दिवशी टोकियोत सायकोनं क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं, मनगटी घड्याळ विकायला काढलं. सुरुवातीला महाग, पुढे स्वस्त, आणि कुठल्याही यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये या धंद्यात सुमारे ९०,००० माणसं होती, १९८० च्या दशकाच्या मध्यावर जेमतेम ३०,००० च्या वर उरली. मी त्या फलकासमोर बराच वेळ उभी होते. सांगलीत ही लाट थोडी उशिरा पोचली. आधी महिन्यातून दोन-चार गिऱ्हाइकं "सेल बदलून द्या" म्हणत यायची, मग तेवढीच यायची. आमच्याकडे कुणी आकडा मोजला नाही.

इथे काय झालं, ते मला या सहलीत उलगडलं. वेळ बघायला घड्याळ लागेनासं झालं, तेव्हा यांनी हातालाच विकायला काढलं. आत कुणी न बघणाऱ्या पट्टीची कड चकचकीत केली आहे, हीच किंमत. हे ढोंग आहे असं म्हणणारेही आहेत. मला तसं वाटत नाही. श्रीमंतांची हौस असेना का, तिच्यामुळे एक विद्या जिवंत राहिली, आणि शिकणाऱ्या पोरांना पगार मिळतो. खंत एवढीच, की आमच्या बोळातल्या विद्येला अशी हौस भेटली नाही.

दुपारी गाडीनं ल लोक्लला गेलो, दहा मिनिटांचाही रस्ता नाही. झेनिथ या घड्याळ कंपनीचा जुना कारखाना बाहेरूनच पाहिला. याच्या माळ्याची गोष्ट मला वाचून ठाऊक होती, पण ती इमारत बघायची होती. १९७५ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळं बंद करून अवजारं भंगारात काढायचा हुकूम दिला. शार्ल व्हेर्मो नावाच्या कार्यशाळाप्रमुखानं आधी पत्र लिहून विनवलं. ऐकलं नाही, तेव्हा त्यानं साचे आणि कापायची अवजारं हळूहळू माळ्यावर नेली, चिठ्ठ्या लावल्या, वहीत नोंदी केल्या आणि लपवून ठेवली. १९८० च्या दशकात यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली, तेव्हा त्या माळ्यावरच्या अवजारांनीच एल प्रिमेरो हे यंत्र पुन्हा बनू लागलं. रस्त्यावर उभं राहून मी छपराखालच्या खिडक्यांकडे बघत होते. नोकरी जाईल हे माहीत असून तो माणूस किती संध्याकाळी तो जिना चढला असेल!

पाचवा दिवस, बुधवार : व्हॅले द झू

इथे घोटाळा झाला. लोझानहून व्हॅले द झू नावाच्या दरीत जाणारी गाडी ल दे नावाच्या छोट्या स्टेशनात दोन तुकडे होते. अर्धी दरीत जाते, अर्धी व्हालोर्बला. आम्ही गप्पांत, आणि चुकीच्या अर्ध्यात. व्हालोर्बला उतरलो तेव्हा पाऊस, वारा, आणि परतीच्या गाडीला पाऊण तास. स्टेशनासमोरच्या कॅफेत भोपळ्याचं सूप घेतलं, ते मात्र अजून आठवतं. *डब्याच्या दारावरची पाटी बघा, "ल ब्रासू" लिहिलेल्या डब्यातच बसा.*

दरी म्हणजे हजार मीटर उंचीवरचं एक लांबट तळं, भोवती स्प्रूसची काळपट जंगलं, कुरणं, आणि मोजकी गावं. हिवाळ्यात तळं गोठतं. पूर्वी बर्फ पडला की शेतकरी कुटुंबांना सहा महिने घराबाहेर काम नसे. खाली गोठा, वर खिडकीशी टेबल, आणि टेबलावर घड्याळाचे भाग. अठराव्या शतकापासून असं चालत आलं, आणि जगातली सगळ्यात गुंतागुंतीची घड्याळं या आडगावांतून निघाली.

आमचा मुक्काम अशाच एका शेतघरात होता. घरमालकीण मादाम पंचाहत्तरीच्या. त्यांनी ४१ वर्षं एकच काम केलं : आंग्लाज. घड्याळाच्या यंत्राला वरून धरून ठेवणाऱ्या ज्या धातूच्या पट्ट्या असतात, ज्यांना ब्रिज म्हणतात, त्यांच्या कडा ४५ अंशात तासून आरशासारख्या करायच्या. तीन मोठ्या कंपन्यांसाठी केलं. नावं विचारली तर नुसत्या हसल्या.

जेवणानंतर त्यांनी आपण होऊन वर नेलं. टेबल छातीपर्यंत उंच. कोपर टेकवून, पाठ न वाकवता काम करायचं म्हणून. त्यांनी एक जुना ब्रिज काढला, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. आधी बारीक कानशीनं कड पाडायची, मग एमरीच्या पट्टीनं कानशीचे ओरखडे घालवायचे. आणि मग त्यांनी खणातून एक जुडी काढली. वाळलेल्या, पिवळसर काड्या.

"जेन्शियन," भाची म्हणाली. "मावशी, इथल्या कुरणांत वाढतं ते झाड. पिवळी फुलं येतात. मुळांची दारू करतात, आणि दांड्याचं हे."

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या समोर होतं. मादामनी काडी ब्लेडनं तासली, टोकावर हिऱ्याच्या पुडीची पेस्ट लावली, आणि ब्रिजच्या कडेवरून फिरवू लागल्या. काडीचा गाभा मऊ, तो पेस्ट धरून ठेवतो, आणि धातूला ओरखडा काढत नाही. काडी मळली की पुन्हा तासायची. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं तेव्हा भाचीनं त्यांना काडेपेटीची गोष्ट सांगितली. मादामनी मान हलवली, जणू त्यांना ती आधीच माहीत होती.

मग दिव्याखाली ब्रिज तिरका धरून दाखवला. कडेवरून उजेडाची एकच रेघ धावते. ती कुठे जाड-बारीक होता कामा नये, तुटता तर नाहीच. आणि सगळ्यात अवघड जागा आतला कोपरा, जिथे दोन कडा आत वळून एकमेकींना भेटतात. यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे तिथे ते गोलाईच सोडतं. टोकदार कोपरा फक्त हातानं निघतो. मी एका निकामी तुकड्यावर करून पाहिलं. दहा मिनिटांत कड गोल झाली. "जोर," मादाम म्हणाल्या, "जोर लावायचा नाही. वजन काडीचंच असू दे." मोठ्या ब्रिजला त्यांना दीड-दोन दिवस लागायचे.

मादाम हातकामाच्या अंध भक्त नव्हत्या. भाग कापायला आता संगणकावर चालणारी यंत्रं आहेत आणि ती माझ्यापेक्षा सरळ कापतात, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. बहुतेक स्विस घड्याळांना असा हात लागतही नाही. पण जिथे लागतो, तिथे तो कळतो.

शेवटी त्यांनी माझं एचएमटी मागितलं. जनता, सतरा माणकांचं, किल्लीचं. १९६१ मध्ये बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला, त्याच कुळातलं. मागचं झाकण उघडून, भिंग लावून मादाम बराच वेळ बघत राहिल्या. यंत्रावर कसलीही सजावट नाही, साधं कामाचं घड्याळ. मला उगाच धाकधूक. मग त्या म्हणाल्या, "पेचांच्या खाचा बघ. एकही चेंगरलेली नाही. हे कितीदा उघडलंय?"

दर दोन वर्षांनी, चाळीस वर्षं.

"ज्यानं उघडलं, तो आपला पेचकस रोज दगडावर घासतो."

घासायचे. दुकान उघडलं की पहिलं काम तेच. तेलाचे दोन थेंब, काळा दगड, आणि तो खर्र आवाज.

रात्री जेवायला व्हाश्रँ मों-दोर होतं. हे चीज सप्टेंबरपासून वसंतापर्यंतच मिळतं. लाकडी डबीसकट भट्टीत तापवतात, आणि ते उकडलेल्या बटाट्यांवर ओततात. त्याला स्प्रूसच्या सालीची पट्टी बांधलेली असते. ती साल जंगलात जाऊन हातानं सोलणारे वेगळे कारागीर आहेत. चिजाला त्या सालीचा, पावसानंतरच्या रानाचा वास येतो. मी सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी बटाट्यावर घालून दिली. मादामनी दोनदा घेतली.

सहावा दिवस, गुरुवार : ल सांतिये

सकाळी सातला खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर गाड्यांची रांग, बहुतेकींच्या पाट्या फ्रान्सच्या. सीमा इथून हाकेच्या अंतरावर आहे. या कारखान्यांतले बरेच हात रोज डोंगर ओलांडून येतात आणि संध्याकाळी परत जातात. २०२० मध्ये युनेस्कोनं या विद्येची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली तीही स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोघांच्या नावानं, आणि ती रांग पाहिल्यावर ते अगदी रास्त वाटलं.

मादामची नात गावातल्या तंत्रशाळेत घड्याळजीचं शिकते, सतरा वर्षांची. गेले काही आठवडे फक्त पितळ घासतेय. कंटाळा येतो का विचारलं, तर तिनं अंगठ्यावरचा घट्टा दाखवला, अभिमानानं.

ल सांतियेच्या एस्पास ओर्लोजे या छोट्या संग्रहालयात दुपार गेली. याच गावात १८३३ पासून झेजे-लेकूल्त्रची कार्यशाळा आहे. त्यांचं १०१ नावाचं यंत्र १९२९ चं. ९८ भाग आणि सगळं मिळून वजन ग्रॅमभर. आणि १९३१ चं रिव्हर्सो, ज्याची तबकडी उलटी फिरवून झाकता येते, ते तर भारतामुळेच जन्मलं. आपल्याकडे पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून ही युक्ती निघाली.

*ल ब्रासूमधलं ओदमार पिगे संग्रहालय बघायचं तर आधी नोंदणी लागते, ऐनवेळी जागा मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये इथे दुपारी स्वेटर आणि संध्याकाळी जाड जाकीट. जेवणाची हॉटेलं मोजकी आहेत आणि स्वयंपाकघर लवकर बंद होतं. साडेसातच्या आत पोचा.*

निघताना मादामनी जेन्शियनच्या पाच काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. वर पेन्सिलीनं फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, भाचीनं वाचून दाखवलं : "सांगलीच्या सहकाऱ्यासाठी."

सांगली

घरी पोचले त्याच दुपारी बाबांनी पुडी उघडली. कागदावरची अक्षरं बोटानं चाचपली, काही बोलले नाहीत. एक काडी नाकाशी नेली, वाकवून पाहिली. "मऊ हाय. टोक चांगलं निघंल." कपाटातून भिंग काढलं, माझं घड्याळ मागितलं, उघडलं. हात थरथरत होता, पण चिमटा धातूला टेकला की थांबायचा.

ब्लेड मात्र त्यांना धरवेना. काडी माझ्याकडे दिली. मी टोक काढलं, त्यांनी ते माणकाच्या भोकात घालून दोन वेढे फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"अजून काळीच येतीय," म्हणाले. "तास परत."